दोन धनाजी

एका गावच्या शाळेत एक भोळा कारकून होता, दिगंबर. सांगितलेलं सगळं तो नीट लक्षात ठेवायचा. पंचाईत एवढीच, की ते पुढच्या खेपेला वापरायचा.

शाळेत कॉम्प्युटर दोन. एक दहा वर्षांचा, एक कोरा करकरीत. आठवीच्या शिष्यवृत्तीचे अर्ज नव्यात आणि प्रिंटर जुन्याला. नवा काही केल्या जुन्याशी जोडला जाईना. चारच्या आत अर्ज तालुक्याला गेले नाहीत, तर एकोणीस मुलांची परीक्षा हुकणार. मुख्याध्यापिका घाटगेबाईंचा जीव टांगणीला.

दिगंबरने तालुक्याच्या शेवाळे मेकॅनिकला फोन लावला.

“नवा बंद करून चालू करा.”

केला. चालू होताच नवा अपडेट व्हायला लागला. पडद्यावर आलं, ‘बंद करू नका.’

“शेवाळेसाहेबांपेक्षा तुला जास्त कळतं?” म्हणत दिगंबरने तो पुन्हा बंद केला.

शेवाळे ओरडले, “अहो, काही चालू असताना हात लावायचा नाही! संपेपर्यंत थांबायचं.”

बरं. मग प्रिंटर चाचणीचं एकच पान छापत सुटला. दिगंबर हाताची घडी घालून बसला. शाळेचा वर्षाचा कागद संपला, तेव्हा उठला.

बाई पाणी प्यायल्या. दुकानातून नवा कागद आणवला.

तिसऱ्या फोनवर खोड सापडली. “दोन्ही कॉम्प्युटरना एकच नाव दिलंय हो! सारखी नावं असली की गोंधळ होणारच. नावापुढे जुना, नवा असं लावा. आणि नवा नीट चालला, की जुना भंगारात द्या.”

लावलं. लगेच जोडले गेले! छापण्याआधी दिगंबरने यादीवरून तेवढी एक नजर फिरवली. साडेतीनला अर्ज निघाले. बाईंनी त्याला डब्यातला शेवटचा लाडू दिला.

महिन्याने प्रवेशपत्रं आली. पाठोपाठ धनाजी सणस आणि त्यांची बायको सुलभा. मुली जुळ्या, रेवा आणि रेणू.

“भाऊजी, हे काय?” सुलभाने दोन्ही पत्रं टेबलावर आपटली. रेवाचे वडील, धनाजी जुना. रेणूचे वडील, धनाजी नवा.

“एका यादीत दोन धनाजी होते, वहिनी. गोंधळ झाला असता.”

“अहो, बाप एकच आहे!”

दुरुस्तीची मुदत संध्याकाळपर्यंत. घाटगेबाई कशाबशा म्हणाल्या, “दिगंबर, एकच धनाजी ठेवा. आत्ताच्या आत्ता.”

दिगंबरने धनाजीला खालून वर निरखलं. मग हळूच विचारलं, “वहिनी, नवा नीट चालतोय ना?”

“म्हणजे?”

“नाही, मग जुना भंगारात देऊन टाकतो.”