शेवंतीचे चौथे पाऊल

नीरेच्या काठी करंजओढे म्हणून गाव आहे. तिथल्या महादेवाच्या देवळाला अकरा पायऱ्या, आणि त्यांतल्या सगळ्यांत खालच्या पायरीवर महाराज बसत. कुणी वर येण्याचा आग्रह केलाच, तर म्हणत, "वर देवाला राखायला गुरव आहे. खाली तुमच्या चपला कोण राखणार?" म्हणून गाव त्यांना पायरी महाराज म्हणे. भक्तहो, चपला राखणाऱ्या त्या हातांनी एकदा काय राखले, ते सांगतो.

गावात इनामदारांची पागा होती. पागेतला घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार रेवजी वारला, तेव्हा इनामदारीणबाईंनी त्याच्या बायकोला, ठकूबाईला, लीद काढायला आणि दाणा भिजवायला ठेवून घेतले. त्या साली ऐन शिमग्यात एक घोडी वीत असताना गेली. मागे राहिले ओले, कुडकुडणारे शिंगरू. घोडी शिकवणारा पागेचा चाबुकस्वार हैबतराव एकवार बघून म्हणाला, "हे काही जगत नाही." ठकूबाईने मात्र ते मांडीवर घेतले, आपल्या लुगड्याने पुसले आणि शेळीच्या दुधाच्या बोळ्यावर जगवले. कपाळावर पांढरे फूल, म्हणून नाव ठेवले शेवंती.

रेवजीचे काम ठकूबाईने वर्षानुवर्षे पाहिले होते. ती रोज शेवंतीच्या मानेवरून हात फिरवी, कान चोळी, तोंडात बोट घालून पाही. मग पायावरून हात खाली खाली नेई आणि हळूच म्हणे, "पाय दे, बाय." शेवंती पाय उचलून तिच्या ओंजळीत ठेवी. तोंडाला सुती दोरीची मऊ मोरकी घातली तरी शिंगरू ओढ घेत नसे. चाबूक म्हणून तिने पाहिला नव्हता.

हैबतराव हसे. "ठकू, घोडी तयार करतेस का लेक सासरी धाडतेस?" आणि पागेतली माणसे खो खो हसत. ठकूबाई बिचारी मान खाली घालून घमेले उचले.

आता त्या पागेची एक रीत होती. दसऱ्याला नव्या शिंगराची पाऊलपूजा व्हायची. इनामदारीणबाई चारही खुरांवर पाणी घालून कुंकू लावायच्या आणि शिंगराने चारही पाय आपण होऊन द्यायचे. एक पाय जरी झाडला, तरी ते शिंगरू त्या दिवसापासून चाबुकस्वाराच्या ताब्यात. आणि हैबतरावाचा ताबा म्हणजे काय, हे ठकूबाईला पक्के ठाऊक होते. पुढून-मागून दोर आवळायचे, तीन दिवस पाणी तोडायचे, मान टाकीपर्यंत फटके. मागच्या साली त्याच्या हाती गेलेले शिंगरू अजून माणूस जवळ उभा असला की दाण्यात तोंड घालत नव्हते.

दसरा चार दिवसांवर आला. ठकूबाई शेवंतीला पाण्यावर नेत होती. पायरीवरून महाराजांनी हाक मारली.

"ठकू, तू नेहमी हिच्या डाव्या अंगाला चालतेस. उजव्या अंगाला कोण असतं गं?"

"कुणी न्हाई, महाराज," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिची पावले थांबली.

पागेत सगळे काम डाव्या अंगाने चाले. खोगीर डावीकडून, चढणे डावीकडून, दोरीही डावीकडूनच. रेवजीही तसेच करी, त्याचा बापही तसेच करी. त्यातून शेवंतीच्या जागेला उजवीकडे भिंत! ठकूबाई डावीकडेच बसे आणि उजवे पायही पोटाखालून हात घालूनच मागत असे. सात महिन्यांत त्या अंगाला बाहेरून एकदाही माणसाचा हात लागला नव्हता. तिने दोरी अलीकडून पलीकडे घेतली, उजव्या खांद्यावर बोटे टेकवली मात्र, शेवंती चमकून अशी उडाली की दोरी हातून निसटता निसटता राहिली. जनावर तेच, पण त्या बाजूने ठकूबाई तिला परकी होती!

तिने तिथेच डोक्याला हात लावला. "माजं चुकलं वो महाराज! आता चार दिसांत काय हुनार? माज्या चुकीपायी लेकरू मारात जानार!"

महाराज म्हणाले, "तुझ्या हातानं होईल तेवढं तू कर. उरलेलं आम्हांला दे. पण करायचं तेवढं कर हो, आळस करू नकोस."

आळस कसला! ठकूबाई रात्रंदिवस शेवंतीजवळून हलेना. पहिल्या दिवशी उजवी मान झाली. दुसऱ्या दिवशी खांदा झाला, पण कातडी सारखी थरथरत होती. तिसऱ्या दिवशी पुढचा पाय कसाबसा हाती आला. बरगडीच्या मागे मात्र हात गेला की शेवंती गर्रकन फिरे. घाई केली तर होते तेही जाईल आणि थांबावे तर दिवस संपलेला! हैबतराव खांबाला टेकून गंमत बघत होता. "राहू दे गं, उद्यापासून मीच बघतो तिला," तो म्हणाला. ठकूबाईने पदराने डोळे पुसले.

दसरा उजाडला. पागेच्या फरसबंद अंगणात झेंडूची तोरणे लागली. ठकूबाई मोरकी धरून डावीकडे उभी राहिली. इनामदारीणबाई तांब्या घेऊन आल्या. डावे दोन्ही पाय शेवंतीने शहाण्यासारखे दिले. बाई वळसा घालून पलीकडे गेल्या. "पाय दे, बाय," ठकूबाई पुटपुटली. अंग थरथरले, पण उजवा पुढचा पायही वर आला. कुंकू लागले.

राहिला चौथा.

इतक्यात हैबतराव पुढे घुसला. "बाईसाहेब, मागं सरा, लाथ बसेल. मी धरतो."

"दादा, नगा!" ठकूबाई ओरडली. "तिला त्या अंगाची सवय न्हाई!"

"सवय लावायलाच आलोय." मोरकीची सैल दोरी त्याने आपल्या मनगटाला गुंडाळली. दोरी हाताला गुंडाळू नये, असे हाच रोज नवख्या मोतद्दारांना बजावत असे! पण गर्व डोक्यात गेला की माणूस स्वतःचे शब्द विसरतो. हाक नाही, काही नाही, त्याने खाली वाकून मागचा पाय खसकन ओढला.

शेवंती उसळली. ओल्या फरशीवर हैबतरावाचा पाय घसरला आणि तो थेट तिच्या पोटाखाली आडवा झाला. मनगटाची दोरी करकचून आवळली. ती पळाली असती तर त्याला फरफटत नदीच्या घाटाच्या दगडांवर नेले असते. आणि पळाली नसती, तरी मागचा खूर त्याच्या छातीवर येतच होता. पोरे ओरडू लागली. ठकूबाईला कळेना काय करावे. मोरकी सोडावी तर पळेल, ओढावी तर बिथरेल, आणि पलीकडे हात पोचत नाही.

तिने डोळे मिटले. "महाराज! उजवं अंग तुमचं! म्या पुरी न्हाई पडले!"

आणि काय सांगू भक्तहो! शेवंतीच्या उजव्या खांद्यापासून थरथर शमत मागे मागे गेली, कुणी सावकाश हात फिरवत जावा तशी. हैबतरावाच्या छातीवर येणारा खूर वीतभर वर थांबला आणि थांबूनच राहिला! तीन पायांवर उभी राहून शेवंतीने मान खाली टाकली, डोळे अर्धे मिटले. मोतद्दारांनी दोरी कापली, हैबतरावाला ओढून बाहेर काढले. खूर तरी अधांतरीच. इनामदारीणबाई पुढे झाल्या, पाणी घातले, कुंकू लावले. मग तो खूर आवाज न करता फरशीवर टेकला.

ठकूबाई शेवंतीला घेऊन तशीच देवळाकडे धावली. मागोमाग अख्खी पागा, आणि त्यांच्यामागे लंगडत हैबतराव. महाराज आपल्या पायरीवर होते. गुरव घाबराघुबरा होऊन सांगू लागला, "महाराज सकाळपासून हलले नाहीत. मघाशी एकदम उजवा हात पुढं केला, काहीतरी झेलल्यासारखा. घामानं निथळले. मी म्हटलं, दमलात, खाली ठेवा. तर म्हणाले, 'थांब रे, अजून कुंकू लागायचं आहे.'"

महाराजांच्या उजव्या तळव्यावर खुराची कोर उमटली होती, आणि ती कुंकवाने लाल होती.

हैबतरावाने पायरीवर डोके आपटले. "महाराज, मी या बाईला हसलो. माझ्यावर उपकार केलेत."

महाराजांनी पाय मागे घेतले. "मी नुसतं धरून होतो, हैबती. पाय द्यायला शिकवलं ते हिनं. शिकलेलं नसतं, तर मी काय धरणार होतो? जा, जिच्याशी चुकलास तिच्याकडे जा. आणि विचारून हात लाव."

हैबतराव उठला. डोक्याचे पागोटे काढून त्याने बगलेत धरले आणि शेवंतीच्या उजव्या अंगाला गेला. ठकूबाईची बोटे मोरकीवर घट्ट झाली. त्याचा हात खांद्यावर टेकला, पाठीवरून मागे गेला, पायावरून खाली उतरला. मग तो दांडगा माणूस हळूच म्हणाला, "पाय दे, बाय."

शेवंतीने ठकूबाईकडे पाहिले. ठकूबाईने मान हलवली, आणि चौथा पाय वर आला. हैबतराव गुडघ्यांवर बसला आणि त्याने त्या खुरावर आपले कपाळ टेकले.