तट्ट्यामागची हरणे

एकदा एक वृद्ध राखणदार आपल्या राणीसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "राणीसाहेब, पुरे झालं. आता कुरणाची काठी माझ्या शिष्याच्या हातात द्या आणि मला मोकळं करा."

राणीला हे मुळीच रुचले नाही. तिचे ते राखीव कुरण चितळांसाठी चहूकडे प्रसिद्ध होते, आणि त्याची सारी कीर्ती या म्हाताऱ्याच्या नजरेवर उभी होती. त्या रानात वाघ उरला नव्हता. त्यामुळे कळप वाढत जाई आणि गवत मात्र होते तेवढेच राही. म्हणून दर चैत्रात काही नर पारध करून कमी करावे लागत. नाहीतर ज्येष्ठापर्यंत सगळ्याच कळपावर उपासमारीची पाळी येई. कोणते नर न्यायचे, हे राखणदार ठरवी. रीत अशी होती, की त्याने नर निवडायचा आणि तिरंदाजाच्या तळहातावर पळसाचे एक पान ठेवायचे. पान मिळाल्याशिवाय बाण सुटत नसे, आणि एकदा ठेवलेले पान प्रत्यक्ष राणीलाही परत घेता येत नसे. चाळीस वर्षे ही पाने तात्यांनी ठेवली होती. सगळे राज्य त्या वृद्धाला तात्याच म्हणे. आपणही तेच म्हणू.

राणी थोडा वेळ विचार करून म्हणाली, "यंदा सहा नर न्यायचेत. सहाही तुमच्या शिष्यानं निवडावेत. त्याच्या एका जरी पानाला तुम्हाला हरकत घ्यावी लागली, तर त्याला काठी नाही आणि तुम्हाला सुटका नाही."

"कबूल," तात्या म्हणाले.

शिष्य तिशीला आला होता. नऊ वर्षे तो तात्यांच्या मागे काटेकुटे तुडवत हिंडला होता, आणि ती काठी आपल्या हातात यावी याखेरीज त्याला दुसरे स्वप्न नव्हते. परीक्षेचे नाव ऐकून तो घाबरला नाही, उलट हरखला. हुशार माणसाचे असेच असते. अवघड प्रश्नाला तो दबकून असतो आणि सोप्या वाटणाऱ्या प्रश्नावर तोंडघशी पडतो.

तीन दिवसांत त्याने सहा नर निवडले आणि तात्यांना नेऊन दाखवले. सगळ्यात पहिला होता एकशिंग्या. त्याच्या एका बाजूला वीतभर सुळका होता, दुसऱ्या बाजूला नुसता खुंट. बाकीचे पाचही असेच किरकोळ शिंगांचे.

"तात्या, शेतकरी बियाणं कसं राखतो?" शिष्य उत्साहाने म्हणाला. "भरलेलं कणीस ठेवतो, पोचट बाजूला काढतो. मीही तेच केलं. खुरटलेले नेऊ, दांडगे ठेवू. आणि सरदाराला तर कुणी बोटही लावायचं नाही!"

सरदार म्हणजे कुरणातला सर्वांत भव्य नर. त्याची शिंगे पाहायला परराज्यातून पाहुणे येत, आणि राणी दर सणाला त्याच्यासाठी मीठ पाठवी.

तात्या बरे म्हणाले नाहीत, वाईटही म्हणाले नाहीत. ते हसले आणि तुराट्या गोळा करायला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक विचित्र काम केले. हरणे ज्या पायवाटेने रानातून गवतावर उतरत, तिच्या कडेला त्यांनी तुराट्यांचा भलामोठा तट्टा उभा केला. आडोसा म्हणावा, तर त्याला डोळ्यांच्या उंचीवर झरोका नव्हता. फट होती ती खाली, जमिनीपासून दोन हात उंच. तिच्यामागे त्यांनी गोणपाट अंथरले आणि शिष्याला म्हणाले, "बस. परीक्षेपर्यंत हरणं इथूनच बघायची."

"पण तात्या, इथून शिंगं दिसत नाहीत!"

"हो ना," तात्या समाधानाने म्हणाले. "छान जमलाय तट्टा."

शिष्य बसला. त्याला पाय दिसले, पोटे दिसली, छात्या दिसल्या. आणि चितळांच्या अंगावर ठिपके असतात, हे अगाध ज्ञान पुन्हा एकदा प्राप्त झाले. मधेच एखादे हरीण चरायला मान खाली घाली. आता शिंगे दिसणार, म्हणून शिष्य पुढे सरसावे, तोच तात्यांचा रुंद पंजा त्याच्या डोळ्यांवर येई. म्हातारा कान देऊन हरणाने मान वर केल्याचा अंदाज घेई, मगच पंजा काढी. असे दिवसातून वीस वेळा होई. शिष्य चडफडे आणि म्हातारा गालातल्या गालात हसे.

चार दिवस शिष्याने राग गिळला. पाचव्या दिवशी त्याचे लक्ष एका पोटाकडे गेले. ते पोट लोंबत होते, पाठही मधे खचली होती. त्याच्यामागून आले ते पोट पाठीला लागलेले, सपाट; पाय मात्र लांबच लांब, अंगापेक्षा आधी वाढलेले. एकाची मान छातीत अशी भरून उतरली होती, की दोन्ही कुठे जुळतात ते कळू नये. हळूहळू त्याला प्रत्येक नर चालीवरून ओळखू येऊ लागला. नावेही पडली. ढेरपोट्या, लंगडशा, उड्याखाऊ. उड्याखाऊ हे लांब पायांचे प्रकरण कधी सरळ चालतच नसे. वाटेत काही आडवे नसले तरी उडी मारी. त्याला पाहून शिष्य आणि तात्या दोघेही तोंड दाबून हसत.

आणि एक होता आजोबा. पुढचे पाय तो जपून टाकी, पोट लोंबलेले, कंबरेची हाडे वर आलेली, आणि तो चरून गेला की मातीत अर्धवट चावलेल्या गवताच्या गोळ्या पडलेल्या दिसत. खाल्लेले त्याच्या तोंडात ठरत नव्हते. त्या गोळ्या पाहून शिष्याला फार वाईट वाटे.

बाराव्या दिवशी तात्यांनी विचारले, "उड्याखाऊ केवढा असेल?"

"पोर आहे अगदी. दीड वर्षाचं. फार तर दोन."

"आणि आजोबा?"

"त्याचे दिवस भरत आलेत, तात्या. पुढचा पाऊस बघणार नाही तो."

तात्या उठले आणि त्यांनी तट्टा आडवा पाडला. हरणे दचकून पंचवीस पावले पळाली, थांबली आणि वळून पाहू लागली. शिष्याने डोळे चोळले. हवेत उगाच उडी मारून उभा राहिलेला तो उड्याखाऊ म्हणजे एकशिंग्या होता. आणि ज्याची त्याला कणव येत होती, त्या आजोबाच्या डोक्यावर सरदाराची शिंगे होती.

शिष्य म्हणाला, "तात्या, मी पोरं मारायला निघालो होतो."

तेव्हा तात्या म्हणाले, "लेका, चितळाची शिंगं दर वर्षी गळतात आणि दर वर्षी नवी येतात. आईचं दूध पुरलं, पाऊस बरा झाला, तर मोठी, नाहीतर लहान. हा एकशिंग्या उशिरा जन्मला, आई लवकर गेली, म्हणून सुळक्यावर भागलं. शिंगं त्या वर्षाची हकीकत सांगतात. जनावर कुठवर आलंय, ते खाली बघावं लागतं. पण शिंगं डोळ्यांत भरतात आणि खाली बघायचं राहून जातं. चाळीस वर्षं झाली, अजून माझंही राहतं. म्हणून तट्टा. आपलं काम एवढंच. ज्याचं वाढायचं बाकी आहे त्याला छाटू नये, आणि ज्याचं जगून झालंय त्याला आपल्या हौसेसाठी अडवून धरू नये."

परीक्षेचा दिवस उजाडला. तट्टा पुन्हा उभा होता. राणी आली, तिरंदाज आला. शिष्याने पाच पाने ठेवली, पाचही उतरत्या वयाच्या नरांची. तात्या बाजूला उभे होते. त्यांनी एकदाही मान हलवली नाही. सहावे पान हातात घेऊन शिष्य थांबला. हे पान कुणाचे, हे त्याला ठाऊक होते. राणी रागावली तर नऊ वर्षांचे स्वप्न या पानावरून जाऊ शकते, हेही ठाऊक होते. दुसराच एखादा साधारण नर दाखवून वेळ मारून नेता आली असती.

"राणीसाहेब," तो म्हणाला, "हे पान ठेवण्याआधी आपण जरा इथं बसाल?"

"खाली? गोणपाटावर?"

"हो. मीही बारा दिवस बसलो."

राणी तात्यांकडे पाहू लागली. तात्या आभाळाकडे पाहू लागले. शेवटी ती शालू आवरून खाली बसली. हरणे वाटेने उतरू लागली आणि थोड्याच वेळात राणीला गंमत वाटू लागली. "हा कोण उड्या मारतोय? अरे, हा बघा किती ऐटीत!" मग ती फटीकडे आणखी वाकली. "आणि हा बिचारा कोण? केवढं पोट लोंबतंय. पाय बघा कसा टाकतोय. तोंडातलं गवतही गळतंय याच्या. याला कशाला जगवताय रे असं?"

शिष्याने तट्ट्याची वरची कड खाली वाकवली.

राणी सरदाराकडे पाहत राहिली. तिचे डोळे भरून आले. "याचे हाल होतायत, आणि मी पाहुण्यांना याची शिंगं दाखवत होते," ती म्हणाली. मग तिने शिष्यापुढे हात पसरला, पळसाचे पान मागून घेतले आणि स्वतः तिरंदाजाच्या तळहातावर ठेवले.

बाण एकच लागला. नंतर तिरंदाजाने जबडा उघडून दाखवला, तर दाढा हिरड्यांपर्यंत झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. याच उन्हाळ्यात सरदार गवताच्या मधोमध उपाशी मेला असता. राणीने त्याच्या कपाळावरून हात फिरवला आणि तिथेच, सगळ्यांसमोर, कुरणाची काठी शिष्याच्या हाती दिली. संध्याकाळी शिकारीची वाटणी झाली, गावच्या चुली पेटल्या, हलगी वाजली. नवा राखणदार नाचला, आणि त्याला नाचता येत नाही हे गावाला कळले. हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी आले.

त्या गर्दीतून तो तात्यांना शोधत आला. तात्या गाठोडे बांधून बसले होते. लेकीच्या गावी निघायचे होते.

"तात्या, जाऊ नका ना," तो म्हणाला. "काठी माझ्याकडे राहू दे, पण तुम्ही इथंच राहा. साऱ्या राज्यात तुमच्यासारखी नजर कुणाची आहे? लोक अजून तुमचंच नाव घेतात."

तात्या मनापासून हसले. त्याचा हात धरून त्यांनी त्याला समोर बसवले आणि आपले धोतर वर सारून दोन्ही गुडघे दाखवले. ते सुजले होते आणि थरथरत होते.

"नाव म्हणजे शिंगं रे," ते म्हणाले. "आता खाली बघ."

नव्या राखणदाराने पाहिले. मग त्याने डोळे पुसले, गाठोडे आपल्या खांद्यावर घेतले आणि तात्यांना हाताचा आधार देऊन गाडीपर्यंत सावकाश नेले.

माणूस कुठवर आला आहे हे जाणायचे, तर कधीतरी त्याची शिंगे झाकून पाहावे. आणि जमले तर आधी आपली.