पाच जणींचं पांघरूण

एका राज्यात, यीस्टच्या एका कणाएवढ्या राज्यात, केंद्रसेन राजा होता. राज्य केवढंसं, पण थाट बघावा! मधोमध घड्याघड्यांचा पडदामहाल, त्यात सारा माल घडे. मग पडदाच फुगे, त्याचं बोचकं होई, माल पोटात घेऊन ते सुटे आणि वेशीवर जाई. वेशीपलीकडे राजाची लेक कळी वाढत होती. तिचा घास त्या बोचक्यांतूनच येई.

तप्तकेतू नावाच्या जादूगारानं कळीला मागणी घातली. राजानं साफ नकार दिला. तेव्हा तो गरजला, "यापुढं बोचक्याला एकानंच हात लावावा. दुसरा शिवेल तो जळेल!" एकट्यानं कुणाला ते जमेना. महाल तुंबला आणि कळी सुकू लागली.

माल निवडणारी वेचणी संतापली. चार सोबतिणींना घेऊन ती थेट जादूगारापुढं उभी राहिली.

"तू कोण?"

"पांघरूण."

"आणि या चौघी?"

"त्याही पांघरूणच. बोचक्याभोवती आम्ही हात गुंफले की पांघरूण होतं, आणि ते एकच असतं. तुमच्या शापात एक म्हटलंय, हात किती ते नाही."

जादूगार चरफडला. "तर मग तीन कामं कर. पडदा वाकव, खरा माल निवड, बोचकं कळीला पोचव. चुकलीस तर कळी माझी."

"मांडा डाव," वेचणी म्हणाली.

चौघींतल्या रुतवीनं पायाचा अंगठा पडद्यात रुतवला, पडदा वाकला. वेचणीनं एकेका नगावरची खूण चाचपली. जादूगारानं मिसळलेला वेडावाकडा माल मागं लोटला. दोघी जाळीवाल्यांनी वरून जाळी विणली. बोचकं गोल झालं, सुटलं, वेशीशी आलं.

वेशीचं दार मात्र उघडेना. पांघरलेलं बोचकं आत घ्यायचं नाही, अशी तिथली रीत.

जादूगार हसला. "सोडा हात! सुटलात की पाच झालात. पाचही जळाल."

वेचणी भ्यायली, अगदी मनापासून भ्यायली. पण आतून कळीचं रडणं ऐकू येत होतं.

"जळू," ती म्हणाली. "तुमच्या धाकानं पोर उपाशी ठेवणार नाही. खुणवी, कर खूण!"

तिची जुळी बहीण खुणवी हिनं रुतवीला कोपरानं ढोसलं. रुतवीनं अंगठा उपसला. जाळी उसवली आणि पाच जणी पाच दिशांना पडल्या.

दार उघडलं. बोचकं आत सरकताना पाहून तप्तकेतूचा तोल गेला. ते ओढून घ्यायला तो धावला आणि त्यानं दोन्ही हातांनी ते धरलं. शाप जाळायला माणूस शोधतच होता. पाचही जणींचे हात केव्हाच सुटले होते. पांघरुणानंतर बोचक्याला शिवलेला दुसरा तोच होता. चिमूटभर राख झाली.

कळीनं घास घेतला. राजा धावत आला. "वेचणी, काय हवं ते माग!"

"वाट सोडा, महाराज. महाल तुंबलाय."

पाचही जणी पडद्याकडं निघाल्या, आणि राजा बाजूला झाला. कळी वाढली, तशी ऐकणाऱ्यांची लेकरं वाढोत.