सात जिभांची साक्ष

एकदा एका वृद्ध वैद्यांच्या घरी सात शिष्य विद्या शिकत होते. वैद्यांचे वय ऐंशीच्या पुढे गेलेले. नाडीवरची बोटे अजून तल्लख होती, पण एका जुन्या दुखण्यात जिभेची चव कायमची गेली होती. म्हणून त्यांनी घरात एक रीत घालून दिली होती. औषध तयार झाले की सातही शिष्यांनी ओळीने बसायचे, कणभर औषध जिभेवर ठेवायचे आणि 'योग्य' किंवा 'अयोग्य' एवढाच शब्द उच्चारायचा. सातही जणांनी 'योग्य' म्हटल्यावाचून ते रोग्याच्या ओठाला लागत नसे.

एके दिवशी एका विणकराची बायको ओसरीवर तापाने फणफणली होती. तिच्यासाठी थोरल्या शिष्याने वचनागाचे चाटण केले. वचनाग म्हणजे मुळात जहाल विष. शुद्ध केला तर औषध, कच्चा राहिला तर जीव घेणारा. दोन्हींच्या बरण्या एकाच फळीवर असत.

वाटी ओळीतून फिरू लागली. आपल्या गोष्टीतला शिष्य पाचवा बसला होता. त्याने कण जिभेवर ठेवला मात्र, जिभेला मुंग्या आल्या आणि पाहता पाहता टोक बधिर झाले. कच्च्या वचनागाची ही खूण त्याने पहिल्याच वर्षी पाठ केली होती. त्याने आधीच्या चौघांकडे पाहिले. चौघेही 'योग्य' म्हणून अगदी स्वस्थ बसले होते. हे सगळे आपल्याहून जुने, थोरल्याने तर अकरा वर्षे काढलेली. मग आपलीच जीभ बिघडली असणार. सकाळी मिरे चावले होते, तेच भोवत असेल. माणूस घाबरला की त्याला अशी कारणे भराभर सुचतात.

"योग्य," तो म्हणाला.

सहावा म्हणाला, "योग्य." सातवाही तेच म्हणाला.

वैद्य वाटी घेऊन उठले. विणकराने बायकोची मान उचलून धरली. आता तरी बोलावे, असे शिष्याला वाटत होते, पण सहा जणांसमोर खोटे ठरण्याच्या भीतीने तो जागेवरच बसून राहिला.

वैद्य तिच्यापाशी पोहोचले आणि थबकले. त्यांनी मागे वळून सातही शिष्यांकडे पाहिले. मग वाटी उंच फळीवर ठेवून दिली आणि म्हणाले, "सगळे अंगणात जा. मी एकेकाला कोठीत बोलावतो."

बाई कण्हते आहे, विणकर हात चोळतो आहे, आणि गुरुजी दार लावून एकेकाशी बोलत बसले आहेत! शिष्याला काही उमगेना. पाचवी हाक आली तेव्हा तो कोठीत गेला.

"इथे कोणी नाही," वैद्य म्हणाले. "जिभेवर काय आलं?"

"मुंग्या, गुरुजी. जीभ अजून बधिर आहे. मी खोटं बोललो. पण कदाचित माझीच..."

"तुझ्या आधीचे चौघंही हेच सांगून गेले. थोरल्याची बरणी चुकली होती, पण त्याच्या हातचं औषध चुकेल असं कोणालाच, त्याला स्वतःलाही, वाटलं नाही. तू जा, पुढच्याला पाठव."

तो जागचा हलला नाही. "गुरुजी, तुम्हाला तर चव नाही. तुम्ही थांबलात कशावरून?"

"खरी चव घेताना माणूस डोळे मिटतो, बाळा. आज तुम्ही सगळ्यांनी कण जिभेवर ठेवला आणि डोळे शेजाऱ्यावर ठेवले. प्रत्येकाने आपली भीती आत लपवली, चेहरा तेवढा शांत ठेवला, आणि दुसऱ्याचा शांत चेहरा मात्र खरा मानला. सात साक्षीदार आहेत असं मी समजत होतो. खरं तर एकही नव्हता."

"त्या चौघांकडे पाहून मी फसलो, गुरुजी."

"फसलास. आणि तुझ्यामागे बसलेले दोघं कोणाकडे पाहत होते?"

आपल्याही चेहऱ्यावर कोणी विसंबले असेल, हे शिष्याच्या मनातच आले नव्हते.

दुपारच्या आत वैद्यांनी जवळ बसून शुद्ध वचनागाचे दुसरे चाटण करवून घेतले. या वेळी सातही जणांनी ते कोठीत एकेकट्याने चाखले. संध्याकाळी बाईचा ताप उतरू लागला. शिष्य ओसरीवर विणकरापाशी जाऊन बसला. सांगितल्यावाचून त्याला राहवेना.

"दादा, सकाळचं औषध विषारी होतं. मला कळलं होतं, तरी मी गप्प राहिलो. मला क्षमा करा."

विणकराने बायकोच्या कपाळावरची ओली पट्टी नीट केली. मग खालच्या आवाजात म्हणाला, "मला बी दिसलं व्हतं की तुमी समदी एकमेकांची तोंडं बघताय. काळजात चर्र झालं माज्या. पर म्हटलं, एवढी शिकल्याली मानसं बसल्याती, आपन अडानी काय इचारनार? आन् मीच तिची मान उचलून धरली."