पाटलाच्या घरचा निवाडा

“मग बाबा, तुम्हीच सांगा. यात माझं चुकलं कुठं?”

हैबतराव पाटलांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. लतीफशा फकिरानं तिसऱ्यांदाही उत्तर दिलं नाही. तो आपल्या झोपडीच्या, छप्पर पेलणाऱ्या पुढच्या मेढीपाशी उकिडवा बसून ती बोटानं टोकरत होता. लाकडाचा भुसा झरझर खाली पडत होता.

“वाळवी,” तो म्हणाला.

आंबेगव्हाणच्या हैबतराव पाटलांना असं ताटकळत ठेवणारा माणूस पंचक्रोशीत दुसरा नव्हता. बांधाचं भांडण असो, पाण्याचं असो की मोडलेल्या सोयरिकीचं, पाटलांनी निवाडा दिला की दोन्हीकडची माणसं मुकाट्यानं घरी जात. त्यांच्या गावानं कचेरीची पायरी कधी चढली नव्हती. याचा त्यांना अभिमान होता, आणि तो लपवावा असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

त्याच पाटलांच्या घरात दोन पोरं दिवसभर एकमेकांच्या उरावर बसलेली असत.

थोरली सगुणा अकरा वर्षांची. धाकटा येसाजी नऊचा. आज पाटील दोघांनाही घेऊन आले होते. पोरं समोरच्या चिंचेखाली बसली होती, एकमेकांकडं पाठ करून. सगुणाचा डावा हात बांबूच्या कामट्यांत बांधून गळ्यात अडकवलेला होता.

“मी पक्षपात करत नाही, बाबा,” पाटील म्हणाले. “पेरू कापला तर दोन्ही फोडी सारख्या. झोक्यावर दोघांची पाळी सारखी. जो आधी येईल त्याचं आधी ऐकतो, मग दुसऱ्याचं. ज्याची चूक त्याला शिक्षा. लेक म्हणून तिला कमी नाही, ल्योक म्हणून त्याला जास्त नाही. असा बाप आमच्या गावात दुसरा दाखवा.”

“नाही दाखवता येणार.”

“मग?”

“दिवसातून किती वेळा येतात तुझ्याकडं?”

“कोण?”

“फिर्यादी.”

पाटलांना तो शब्द आवडला नाही. “यायची दहा-पंधरा वेळा. जरा काही झालं की, आबा बघा ना!”

“आणि तू बघतोस.”

“बापानं बघायचं नाही तर कुणी बघायचं?”

फकीर उठला. हात झटकले. झोपडीमागून एक नवी मेढ ओढत आणू लागला. पाटील त्याच्या मागं मागं बोलत राहिले.

“आठ दिवस झाले. यानं तिला ओट्याच्या पायऱ्यांवरून ढकललं. हात मोडला. मी दोघांचं नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं, त्यानं तिच्या पायाला हात लावून चूक कबूल करायची, महिनाभर अंगणाबाहेर खेळायला जायचं नाही. त्यानं पायाला हात लावला. हिनं पाय मागं घेतला. तेव्हापासून दोघांत एक शब्द नाही. तो भरल्या ताटावरून उठतो. आणि काल ही आईला म्हणाली…”

पाटलांनी चिंचेकडं बघितलं.

“म्हणाली, मला भाऊ नव्हताच असं समज.”

फकिरानं मेढ खाली ठेवली.

“शिक्षा कमी पडली की जास्त झाली, एवढंच सांगा, बाबा. निवाडा दुरुस्त करायची माझी तयारी आहे.”

“हा वासा धर,” फकीर म्हणाला.

“आं?”

“दोन्ही हातांनी. वर रेटून धर. सोडलास तर छप्पर खाली येईल.”

पाटलांनी आजवर छप्पर धरलं नव्हतं. छप्पर धरायला त्यांच्याकडं माणसं होती. पण फकिरानं तोवर जुनी मेढ हलवलीही होती. पाटलांनी घाईघाईनं हात वर केले. पाचटाचं ओझं दंडांत उतरलं.

फकीर पहारीनं खड्डा रुंद करू लागला. मध्येच पोरांकडं वळून म्हणाला, “ए बाळांनो, ओढ्यावरून कळशीभर पाणी आणा. माती भिजवायचीय.”

दोघंही उठली. दोघांनीही एकदमच कळशीला हात घातला.

“मला सांगितलं बाबांनी!”

“तुला हात कुठाय?”

“तुझ्यामुळंच नाहीये!”

आठ दिवसांतले ते पहिले शब्द. पाटलांना आनंद व्हावा की राग यावा ते कळेना. “येसा!” ते छपराखालून गरजले. “तिला असं—”

“हात हलला,” फकीर म्हणाला.

पाटलांनी वासा पुन्हा रेटला.

पोरं धावत आली. सवयीनं दोघं त्यांच्यासमोर उभी राहिली. “आबा, बघा ना!” सगुणा अर्धं पाऊल पुढं होती. म्हणजे आधी तिचं ऐकायचं. पाटलांनी बोलायला तोंड उघडलं आणि वरून मूठभर पाचट त्यांच्या तोंडावर पडलं. डोळ्यांत कुसळं गेली. पुसायला हात मोकळा नव्हता. ते नुसतेच खोकत राहिले.

पोरं निवाड्याची वाट बघत उभी…

“हात कसा मोडला गं?” फकिरानं विचारलं. त्याची पहार थांबली नव्हती.

“यानं ढकललं.”

“मी नाही! तीच मधे आली.”

“कुठं?”

“ओट्याच्या पायऱ्यांवर.”

“पळत होतात?”

“हो.”

“कुणीकडं?”

सगुणानं खाली बघितलं. “…आबांकडं.”

“कशाला?”

“सांगायला. यानं काय केलं ते.”

“आणि तू रे?”

“मी पण सांगायलाच,” येसाजी म्हणाला. “जो आधी पोचतो त्याचं आधी ऐकतात.”

पहार थांबली.

“काय सांगायचं होतं?”

येसाजीनं आठवून बघितलं. कपाळाला आठ्या घातल्या. “नाही आठवत.”

“मला आठवतंय,” सगुणा म्हणाली. “यानं माझी… नाही, त्या दिवशी ते नव्हतं…” ती थांबली. भावाकडं बघितलं, लगेच नजर काढून घेतली. “मला पण नाही आठवत.”

“बरं. जा, पाणी आणा.”

दोघं कळशी ओढत ओढ्याकडं उतरली.

पाटील वर हात करून उभे होते. त्या दिवशी त्यांनी दोघांना सगळं विचारलं होतं. हात कुणी लावला, कुठं लावला, आधी कोण ओरडलं. पळत कुणीकडं निघाला होतात, तेवढं विचारायचं राहिलं होतं. त्यात विचारण्यासारखं काय होतं? ते तर समोरच बसले होते. दोन्ही पोरं त्यांच्याच दिशेनं येत होती, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

“बाबा, याचा अर्थ…”

“जरा डावीकडं घे.”

पाटलांनी वासा डावीकडं घेतला.

ओढ्याकडून भांडण ऐकू येऊ लागलं. आधी सगुणाचा आवाज, मग येसाजीचा, मग दोघांचे एकमेकांत मिसळलेले. कळशी दगडावर आपटल्याचा ठणका. सगुणाची एक किंकाळी.

आणि मग काहीच नाही.

पाटलांनी कान टवकारले. पाण्याचा आवाज येत होता. चिंचेवर एक साळुंकी बोलत होती. बाकी शांत.

“बाबा, आवाज बंद झाला.”

“हो.”

“काहीतरी झालंय.”

“झालं असेल.”

“ओढ्याला पाणी किती आहे?”

“घोट्याएवढं.”

फकिराचं खड्ड्यातलं डोकं वर झालं नाही. घरात पोरं भांडायला लागली की पाटलांना वाटायचं, कधी एकदा ही गप्प होतील. आता ती गप्प होती आणि पाटलांची मान सारखी ओढ्याकडं वळत होती.

“मी बघून येतो.”

“आणि वासा?”

पाटलांनी हात सोडले. मागं छप्पर कोसळल्याचा आवाज झाला. फकीर बाजूला झाला की खाली सापडला, हेही त्यांनी बघितलं नाही. वहाणा तिथंच टाकून ते उताराला लागले.

निर्गुडीच्या जाळीआडून त्यांना पोरं दिसली.

सगुणाचा परकर गुडघ्यापर्यंत भिजला होता. येसाजीनं डोक्याचा रुमाल सोडून कळशीच्या गळ्यात अडकवला होता. एक टोक त्याच्या हातात, दुसरं सगुणाच्या धड हातात. चार पावलं चालत, कळशी टेकवत, पुन्हा उचलत. निम्मं पाणी पायांवर सांडत होतं.

“सरळ चाल की, मेल्या!”

“तूच तिरकी चालतेस. खेकडी!”

“खेकडा तू!”

आणि सगुणा हसली. मोडका हात पोटाशी धरून, दुखत होतं तरी हसत राहिली. ते बघून येसाजीला हसू आवरेना. कळशी पुन्हा खाली टेकली.

पाटलांचे डोळे भरून आले. पोरांना जवळ घ्यावं म्हणून ते जाळीआडून बाहेर आले.

पोरांनी त्यांना बघितलं.

रुमालाची दोन्ही टोकं एकदम सुटली. कळशी कलंडली.

“आबा, बघा ना! यानं मला—”

“हिनंच आधी, आबा! हिनं—”

दोघंही त्यांच्याकडं पळत सुटली. सगुणा दगडावर सटकता सटकता सावरली.

पाटलांनी तोंड उघडलं. गेली वीस वर्षं त्या तोंडातून निवाडा निघाला नाही असं झालं नव्हतं. आज दोघं समोर धापा टाकत उभी राहिली आणि पाटलांनी वाकून कलंडलेली कळशी उचलली.

“चला,” एवढंच ते म्हणाले.

फकीर पडलेल्या छपराच्या ढिगात बसला होता. दाढीत पाचट, कपाळावर ओरखडा. रक्ताचा एक बारीक थेंब भुवईवर वाळला होता.

पाटलांची मान खाली गेली. “बाबा… मी सोडलं.”

“दिसतंय.”

“ती हसत होती, बाबा. दोघंही. मी बाहेर आलो आणि…” पाटील त्या ढिगातच बसले. “मी नसताना भांडत नाहीत म्हणावं, तर भांडतात. कानांनी ऐकलं मी. मी असल्यावर भांडण मिटतं म्हणावं, तर… मला काही कळेनासं झालंय.”

“हं.”

“म्हणजे मी लक्षच द्यायचं नाही? उद्या दुसरा हात मोडला तर?”

“तर धाव. हाड मोडल्यावर धावायला कोण नको म्हणतंय?”

“आणि त्याच्या आधी?”

फकीर दाढीतली काडी काढत होता.

“ढकललं कुणी, बाबा? एवढं तरी सांगा.”

फकीर उठला आणि त्यानं पोरांना हाक मारली.

दुपार कलेपर्यंत छप्पर पुन्हा उभं राहिलं. पाटलांनी वासा धरला, पोरांनी माती कालवली, फकिरानं मेढ ठोकली. चिखल कुणी जास्त उडवला यावरून दोनदा आरडाओरड झाली. दोन्ही वेळा पाटलांचे हात वर होते. दोन्ही वेळा त्यांनी ओठ दाताखाली धरले. पहिलं भांडण लगेच संपलं. दुसरं बराच वेळ चाललं, आणि शेवटी येसाजी रडला. ते बघणं पाटलांना फार जड गेलं. सगुणानं चिखलाच्या हातानंच त्याचं नाक पुसलं, तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं.

निघायची वेळ झाली. पाटलांनी डाव्या हातात सगुणाचं बोट धरलं, उजव्यात येसाजीचं. वाटेत भांडू नयेत म्हणून ते नेहमी असेच मधे चालत.

फकिरानं नुसती मान हलवली. नाही.

पाटलांनी पोरांचे हात सोडले आणि ते पुढं झाले.

फकिरानं पुन्हा मान हलवली.

पाटील गोंधळून मागं येऊन थांबले. पोरांनी एकदा वळून बघितलं, मग गावाची वाट धरली. दहा-बारा पावलांचं अंतर राखून पाटील चालू लागले. आपण बाप म्हणून चाललोय की पोरांनी मागं टाकलेलं कुणी परकं माणूस म्हणून, तेही त्यांना उमगेना.

वाट बांधाला वळली. पुढं पोरांचं काहीतरी बोलणं चाललं होतं. आधी हळू, मग आवाज चढले. येसाजीनं पायानं माती उडवली. सगुणा थांबली, मागं वळली…

“आबा!”

पाटलांची पावलं आपोआप झपाझप पडू लागली.

“पाटील!” मागून फकिराची हाक आली. “अजून मागं… अजून.”