वाघाचं अत्तर

रानात अजून कुणाला नावाची गरज पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. जो तो वासानं ओळखला जाई. वाघ ऐनाच्या खोडावर आपला वास सोडून जाई आणि तोच त्याचा शिक्का ठरे. मग तिकडे फिरकायची कुणाची छाती होत नसे.

एका कोल्हिणीच्या बिळाभोवती तरस घुटमळू लागलं होतं. आत तिची तीन पिल्लं होती. वाघ दूर गेलाय असं पाहून ती त्या ऐनापाशी गेली आणि खोडाला अंग घासू लागली. मान, पाठ, शेपूट, सगळीकडे तिनं तो वास अत्तरासारखा चोपडून घेतला.

परतताना रानडुकरं तिच्या वाटेतून बाजूला झाली. बिळाशी दबा धरून बसलेल्या तरसानं नाक वर केलं आणि शेपूट घालून ते पळत सुटलं. कोल्हिणीला हसू आवरेना.

"या रे बाहेर," तिनं हाक मारली. "गेलं ते."

एकही पिल्लू बाहेर आलं नाही. ती बिळात शिरली, तशी पिल्लं किंचाळत एकमेकांवर कोसळली आणि पार मागच्या भिंतीला जाऊन चिकटली.

"अरे, मी आहे. तुमची आई."

ती पुढे सरकली, तसं धाकटं भीतीनं जागीच मुतलं. कोल्हीण थिजून उभी राहिली.

थोरल्यानं धाकट्यांना पोटाशी ओढलं. "ऐकू नका त्याचं," ते म्हणालं. "वाघानं आईला खाल्लंय. आता तिच्याच आवाजात बोलतोय."