मोतद्दाराचा पाय

हॉटेलवाले उदयराव खर्डेकर यांचा सगळा जीव पोलोत. एकदा सरावात त्यांची घोडी कोसळली आणि कायमची लंगडी झाली. तिच्या अंगाखाली सापडलेला, तिची निगा राखणारा मोतद्दार आबा मुळीकही लंगडा झाला. घोडीला तबेल्यात मरेपर्यंत जागा आणि खुराक मिळाला. आबाला मिळाली तबेल्यामागची खोली रिकामी करायची चिठ्ठी. म्हाताऱ्याने ती घडी करून खिशात घातली.

सामन्याच्या मध्यंतरात पाहुणे रिवाजाप्रमाणे मैदानात उतरून टापांनी उखडलेलं गवत पायाने दाबत होते. उदयराव ऐटीत सांगत होते, "माझ्यासाठी ज्याचा पाय गेला, त्या जनावराला मी शेवटपर्यंत सांभाळतो."

तेवढ्यात आबाची पोर वैजू बापाला घेऊन पुढे आली.

"साहेब, यांचाही पाय त्याच दिवशी गेला. यांचं नाव घोड्यांच्या यादीत घाला. माणूस म्हणून आम्ही काहीच मागत नाही."

पाहुण्यांचे पाय जागीच थांबले. उदयराव कसेबसे पुटपुटले, "राहा रे आबा. खोली तुझीच."

वैजू जिंकली होती. पण आबाने कुबडी टाकली आणि मालकाचे पाय धरले. "पोरीचं मनावर घेऊ नका, मालक. अक्कल नाही तिला."

त्याला उठवायला मालक वाकला नाही. वैजूच वाकली.